आउटफिल्डर नुसता उभा राहून करतो तरी काय?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात जपानच्या इचिरो सुझुकीवर छोटी चौकट दिली होती, २०२५ मध्ये तो बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेला, आशियातला पहिलाच, ३९४ पैकी ३९३ मतं मिळाली आणि एका महाशयांनी काय ते दिलं नाही, एवढाच मजकूर. त्यावर क्रिकेटपेक्षा जास्त पत्रं आली आणि बहुतेक सगळी त्याच्या आउटफिल्डर या जागेबद्दलच आहेत, म्हणजे बॅटरपासून लांब, मैदानाच्या कडेला उभा राहणारा फिल्डर. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या टेनिस बॉलवाल्या पोरांना ती जागा ओळखीची वाटली असणार. म्हणून या वेळचा सगळा कॉलम त्यालाच. पत्रं थोडी कापलीत, नावं गाळलीत.

खानापूर तालुक्यातून, वय १९: सर, आमच्या टीममध्ये लाँग ऑनला मीच असतोय. रीलमध्ये बेसबॉलवाल्यांचे कॅच रोज बघायलोय, भिंतीवर चढून बिडून. पण एवढं मोठं ग्लोव्ह घालून कॅच धरायला काय लागतंय ओ? आम्ही मोकळ्या हातानं धरतोय की. आणि त्याच्यासाठी त्यांना कोटी कोटी रुपये?

मोकळ्या हातानं धरतोस ते खरंय आणि त्याचं कौतुकच आहे, पण तू धरतोस तो टेनिस बॉल, तो वर गेला की हवेत जरा रेंगाळतो, तुला दोन पावलं चुकली तरी सुधारायला वेळ मिळतो. बेसबॉलचा बॉल चामड्याचा, आपल्या सीझन बॉलपेक्षा वजनाला किंचित कमी पण कडकपणा तसलाच, आणि बॅटवरून ताशी दीडशे-एकशेसाठ किलोमीटरनं सुटतो. ग्लोव्ह हात वाचवायला आहेच, पण आउटफिल्डरचा ग्लोव्ह बाकीच्यांपेक्षा मोठा असतो तो हात वीतभर लांब पोचावा म्हणून. आणि खरं सांगू का, ग्लोव्हचं काम सगळ्यात शेवटी येतं. त्याच्या आधी पहिलं पाऊल कुठं टाकलं यावर सगळं असतं. बॅटचा आवाज आला की पुढं जायचं का मागं, डावीकडं का उजवीकडं, हे अर्ध्या सेकंदात ठरवायचं, आणि सगळ्यात अवघड बॉल कुठला तर सरळ तुझ्या डोक्याच्या दिशेनं येणारा, कारण समोरून बघताना तो किती लांब जाणार ते कळतच नाही. बाजूला जाणारा त्यापेक्षा बरा, त्याची कमान तरी दिसते.

याचं एक उदाहरण देतो. कर्ट फ्लड म्हणून सेंट लुईस कार्डिनल्सचा सेंटर फिल्डर, म्हणजे मधला आउटफिल्डर, होता, सलग सात वर्षं गोल्ड ग्लोव्ह हा फिल्डिंगचा किताब घेतलेला, म्हणजे त्या जागेवरचा त्या काळातला अव्वल माणूस. १९६८ च्या वर्ल्ड सिरीजची, म्हणजे सीझनच्या अंतिम मालिकेची, सातवी, शेवटची मॅच, नऊपैकी सातव्या इनिंगपर्यंत ०-०. डेट्रॉइटच्या जिम नॉर्थरपनं एक बॉल सरळ त्याच्याकडं मारला. फ्लड पहिल्यांदा पुढं आला, मग लक्षात आलं की बॉल डोक्यावरून चाललाय, वळायला गेला तर पाय सटकला, बॉल मागं पडला आणि दोन रन आले. मॅच ४-१ नी गेली, सिरीज गेली. चूक म्हणशील तर दोन-तीन पावलांची. क्रिकेटमध्ये तुझ्याकडून अशी चूक झाली तर चार जातात आणि बॉलर तुला शिव्या घालून पुढचा बॉल टाकतो. तिथं बॉल मागं गेला की तो आणायला तूच पळायचं, तोवर बेसवर, म्हणजे चौकोनाच्या वाटेतल्या कोपऱ्यांवर, थांबलेले सगळे रनर घरी, म्हणजे शेवटच्या कोपऱ्यावर, पोचतात आणि रन होतात.

दुसरी गोष्ट थ्रोची, आणि इथं क्रिकेटवाल्यांचा हमखास गोंधळ होतो. आपल्याकडं कॅच धरला की विषय संपला, फिल्डर उड्या मारायला मोकळा. तिथं कॅच धरला तरी बॉल जिवंतच असतो. आधीच्या बेसवरचा रनर बेसला पाय लावून वाट बघत असतो, बॉल ग्लोव्हमध्ये शिरला की तो सुटतो. म्हणून चांगला आउटफिल्डर जमलं तर बॉलच्या जरा मागं थांबतो आणि पुढं येत येत कॅच घेतो, म्हणजे त्याच झोकात एक उडी घेऊन फेकता येतं. विली मेजचा १९५४ चा कॅच तू बघितला असशीलच, न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर, पाठ करून पळत जाऊन खांद्यावरून घेतलेला. त्यातला अर्धाच भाग रीलमध्ये दाखवतात. स्कोअर २-२, आठवी इनिंग, दुसऱ्या बेसवर रनर, पहिल्यावर रनर. कॅच घेतल्या घेतल्या मेज गरकन फिरला आणि फेकून स्वतः खाली पडला, टोपी कुठंतरी उडाली, पण बॉल वेळेत आत आल्यामुळं दुसऱ्यावरचा रनर तिसऱ्यापर्यंतच जाऊ शकला. रन आला नाही आणि मॅच न्यूयॉर्कनं जिंकली. मला विचारशील तर त्या कॅचपेक्षा तो थ्रो भारी होता.

जागा तीन असतात, लेफ्ट, सेंटर, राइट. सेंटरला सगळ्यात पळणारा लावतात कारण त्याला दोन्हीकडचं झाकायचं असतं, राइटला सगळ्यात जोराचा हात असलेला, कारण तिथून तिसरा बेस लांब पडतो, आणि उरलेला लेफ्टला. उरलेला म्हटलं म्हणून लेफ्टवाल्याला कमी समजू नको, तो बहुधा बॅटनं वसूल करतो. आणि तुझ्या कोटी कोटीचं उत्तरही तिथंच आहे. नुसत्या कॅचसाठी एवढे पैसे कोण देत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क मेट्सनं हुआन सोटोला १५ वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट दिलं, तो तेव्हा राइट फिल्डर होता, पण त्याची फिल्डिंग बघून कोणी चेक लिहिलेला नाही, लिहिलाय तो बॅटिंग बघून. फिल्डिंगवर पोट भरणारे आउटफिल्डर असतात, पण ते बेंचवर बसतात आणि आठव्या-नवव्या इनिंगला आत येतात.

निपाणीहून एक आई: माझा मुलगा मराठी शाळेत नववीत आहे. मोबाइलवर बघून बघून म्हणतो बेसबॉलमध्येच करिअर करणार. घरचे हसतात, मला हसून उडवून लावायचं नाही. पगार किती असतो, पेन्शन बिन्शन असते का, खरं खरं सांगा.

ताई, हसत नाही हे चांगलं करता, पण आकडे आधी बघून घ्या आणि त्यालाही दाखवा. अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये टीम ३०, एका टीमचा रोस्टर २६ जणांचा, त्यात आउटफिल्डर चार किंवा पाच. म्हणजे त्या पातळीच्या नोकऱ्या सगळ्या जगात मिळून दीडशेच्या आत-बाहेर. त्या दीडशेत शिरला तर किमान पगार २०२५ साली वर्षाला ७ लाख ६० हजार डॉलर, आपले साडेसहा कोटीच्या आसपास. त्या रोस्टरवर ४३ दिवस भरले की थोडी का होईना पेन्शन लागू होते, पूर्ण पेन्शनला दहा वर्षं लागतात. इथवर ऐकून पोरगा खूश होईल.

आता खालची गोष्ट. तिथपर्यंत जायला मायनर लीगच्या पायऱ्या आहेत, सगळ्यात खाली शिकाऊ लीग, मग ए, हाय ए, डबल ए, ट्रिपल ए. २०२३ मध्ये खेळाडूंच्या युनियननं नवा करार करून घेतला तेव्हा कुठं ट्रिपल एचा किमान पगार वर्षाला ३५,८०० डॉलर झाला आणि सगळ्यात खालच्या पायरीचा १९,८००. रुपयात बरे वाटतात हे आकडे, पण दूधभाजी तिथल्याच भावानं घ्यायची असते. रात्री मॅच, मग बसमध्ये झोप, सकाळी दुसरं गाव, असं चार-पाच वर्षं चालतं, आणि बहुतेक पोरं ट्रिपल एच्या वर जातच नाहीत. हे काम किती अवघड ते मायकल जॉर्डनला विचारा. बास्केटबॉलचा राजा माणूस, १९९४ मध्ये बर्मिंगहॅमच्या डबल ए टीममध्ये आउटफिल्डर म्हणून एक सीझन खेळला. १२७ मॅच, सरासरी .२०२, म्हणजे दहा वेळा बॅट घेऊन उभा राहिला तर दोनदाच धड मारता आलं, ११४ वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद, आणि फिल्डिंगमध्ये ११ चुका. दहात तीन मारणारा तिथं मोठा बॅटर समजतात, म्हणजे दोन आणि तीनमधला फरक तेवढा सगळा. आणि जॉर्डनसारखं शरीर कुणाचं होतं हो? पण पाच-सहा वर्षांचा असल्यापासून जो रोज वळणारा बॉल बघत आलाय त्याच्या डोळ्याला जे कळतं ते तिशीत शिकता येत नाही.

तुमच्या मुलासाठी रस्ता कसा असतो तेही सांगतो. अमेरिका, कॅनडा आणि पोर्तो रिकोच्या पोरांना ड्राफ्टमधून, म्हणजे टीम आळीपाळीनं पोरं निवडतात त्यातून, घेतात, बाकी जगातल्या पोरांना टीम थेट साइन करते, तेही सोळाव्या-सतराव्या वर्षी. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये तर प्रत्येक टीमनं स्वतःची अकॅडमी काढून ठेवलीय. तुमचा नववीत आहे म्हणजे त्या हिशोबानं उशीर होत आलाय, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. पण शाळेच्या पातळीवर सॉफ्टबॉल आणि बेसबॉल दोन्ही आहेत, खेळू दे की. एक लक्षात ठेवा, निपाणीच्या शाळेत नाव आहे म्हणजे तो कर्नाटकाकडून खेळणार, कागलला मामाकडं शिकत असता तर महाराष्ट्राकडून, आपल्या सीमाभागात हे भाऊ-भाऊ दोन राज्यांच्या टीममध्ये जाणं नवीन नाही. दहावी मात्र नीट होऊ दे.

पगाराचा विषय निघालाच आहे तर परत कर्ट फ्लडकडं जातो, कारण आज सोटोला जे मिळतं त्याची सुरुवात त्या पाय सटकलेल्या माणसापासून झाली. तेव्हा नियम असा की एकदा सही केली की खेळाडू त्या टीमचा, टीम ठेवेल तोवर ठेवेल, विकेल तिथं जायचं, स्वतःहून दुसरी टीम बघायची सोय नाही. १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये बारा वर्षं खेळलेल्या फ्लडला कार्डिनल्सनं फिलाडेल्फियाला देऊन टाकलं, त्याला न विचारता. पगार वाढून मिळत होता, १ लाख डॉलर म्हणत होते, तरी तो गेला नाही. कमिशनरना पत्र लिहिलं की मी काय विकायची-घ्यायची वस्तू नाही, आणि कोर्टात गेला. १९७० चा सगळा सीझन घरी बसला, १९७१ मध्ये वॉशिंग्टनकडून १३ मॅच खेळला आणि संपला, तेहतिसाव्या वर्षी. १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टात पाच विरुद्ध तीन मतांनी हरला. स्वतःला एक पैशाचा फायदा झाला नाही. पण वातावरण तापलं होतं, १९७३ पासून दहा वर्षं झालेल्या आणि त्यातली पाच एकाच टीममध्ये काढलेल्या खेळाडूला आपली बदली नाकारता यायला लागली, आणि १९७५ च्या डिसेंबरमध्ये दोन पिचरांच्या (म्हणजे बेसबॉलच्या बॉलरांच्या) प्रकरणात लवादानं तो जुना नियमच मोडीत काढला. आज मेजर लीगमध्ये सहा वर्षं भरली की खेळाडू मोकळा, कुणाकडंही जाऊ शकतो. वर्ष धरतात १७२ दिवसांचं, आणि टीमवाले पक्के असतात, चांगल्या पोराला मुद्दाम दोन-तीन आठवडे उशिरा वर बोलावतात म्हणजे वर्ष भरत नाही आणि तो आणखी एक सीझन हाताखाली राहतो. कंत्राटी कामगाराला मध्येच ब्रेक देऊन परत घेतात तो प्रकार आपल्या एमआयडीसी-उद्यमबागवाल्यांना समजावून सांगायची गरज नाही.

शहापूर, बेळगावहून निवृत्त शिक्षक: इचिरो ४५ वर्षांपर्यंत खेळला असे वाचले. एवढ्या मोठ्या मैदानात पळण्याचे काम, पाय थकल्यावर या लोकांचे काय होते?

काका, पाय थकले की एकदम घरी पाठवत नाहीत, आधी कोपऱ्यात सरकवतात. विशीत सेंटरला असलेला माणूस तिशी ओलांडली की लेफ्ट नाहीतर राइटला जातो, मग पहिल्या बेसवर उभा करतात, मग नुसता बॅटिंगपुरता ठेवतात, आणि बॅटही मंदावली की एक दिवस क्लबहाउसमध्ये मॅनेजर बोलावून घेतो. ज्याची बॅट पहिल्यापासूनच बेताची त्याच्या नशिबी एवढ्या पायऱ्याही नसतात, पाय गेले की तो गेला.

मोठ्या माणसांनाही हे चुकलं नाही. विली मेज ६६० होम रन मारून ४२ व्या वर्षी मेट्सकडून १९७३ ची वर्ल्ड सिरीज खेळला, तेव्हा ओकलंडच्या उन्हात सेंटर फिल्डला तो अडखळून पडला, सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं आणि हळहळले. पण त्याच मॅचच्या बाराव्या इनिंगला त्यानंच हिट मारून (म्हणजे बॉल मारून सुखरूप बेस गाठून) टीमला पुढं काढलं, ते मात्र लोक विसरतात. रिकी हेंडरसनची तर वेगळीच तऱ्हा, लेफ्ट फिल्डर, चोरून बेस गाठण्यात १४०६ चा विक्रम, १९८२ च्या एका सीझनमध्येच १३०. मेजर लीगनं २००३ नंतर बोलावलं नाही तर हा ४६ व्या वर्षापर्यंत छोट्या अपक्ष लीगमध्ये बसनं फिरत खेळत राहिला, कोणीतरी परत बोलावेल म्हणून. पैशाला कमी नव्हता, खेळायचंच होतं. २०२४ च्या डिसेंबरात गेला.

इचिरोचं तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर. त्याला आधी जपानमध्येच कोणी धड खेळवत नव्हतं. ओरिक्स या त्याच्या टीमच्या पहिल्या मॅनेजरला त्याची पाय झुलवत मारायची पद्धत पसंत नव्हती, म्हणून खालच्या टीममध्ये ठेवला. १९९४ मध्ये अकिरा ओगी मॅनेजर झाले, त्यांनी म्हटलं तू तुझ्या पद्धतीनं मार, आणि पोरानं १३० मॅचच्या सीझनमध्ये २१० हिट काढले. त्या वर्षापासून सलग सात वर्षं लीगचा बॅटिंग किताब. २००१ मध्ये सिअ‍ॅटलला गेला, वय २७, तेव्हा तिकडचे म्हणायचे हा किडकिडा माणूस इथं काय टिकणार. एप्रिलच्या दुसऱ्याच आठवड्यात ओकलंडला एक बॉल राइट फिल्डला त्याच्याकडं आला, पहिल्या बेसवरचा टेरेन्स लाँग नेहमीच्या हिशोबानं तिसऱ्याकडं पळाला, आणि इचिरोनं तिथूनच सरळ आडवा थ्रो केला, टप्पा न पडता तिसऱ्या बेसवरच्या ग्लोव्हमध्ये, लाँग पोचायच्या आधी बॉल हजर. त्यानंतर रनर त्याच्यासमोर पळायला बिचकायला लागले, आणि हे स्कोअरबुकात कुठं लिहिलं जात नाही. त्या वर्षी रूकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवखा) आणि एमव्हीपी (सर्वात मोलाचा खेळाडू) दोन्ही त्यालाच.

तो टिकला कशामुळं तर षटकारामागं लागला नाही म्हणून. २००४ मध्ये २६२ हिट, १९२० पासूनचा जॉर्ज सिसलरचा २५७ चा विक्रम मोडला, आणि त्यातले २२५ साधे एका बेसचे. आपल्याकडच्या टेनिस बॉल टूर्नामेंटमध्ये असल्या बॅट्समनला कोण टीममध्ये घेणार नाही, सिक्स मारत नाही म्हणतील. मॅचच्या आधी तासभर स्ट्रेचिंग, बॅटी दमटपणा सांभाळणाऱ्या पेटीत ठेवायचा, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. सलग दहा वर्षं दोनशेच्या वर हिट, दहा गोल्ड ग्लोव्ह. मग त्यालाही उतार लागला, २०१२ मध्ये यांकीजकडं, मग मायामीला चौथा आउटफिल्डर म्हणून, म्हणजे बाकी तिघांपैकी कोण दमला तर आत जाणारा. त्याच टीमकडून खेळताना २०१६ मध्ये तीन हजारावा हिट झाला. शेवटची मॅच २१ मार्च २०१९, टोकियो डोममध्ये, एकही हिट मिळाला नाही. आठव्या इनिंगला त्याला मैदानातून बोलावून घेतलं, प्रेक्षक उभे, आणि टीममधला नवा जपानी पिचर किकुची मिठी मारून रडायला लागला. अमेरिकेतले ३०८९ आणि जपानमधले १२७८ धरले तर ४३६७ हिट होतात. दोन्ही एकत्र धरायचे की नाही यावर तिकडं अजून भांडणं चालू आहेत. मी धरतो.

कडोलीहून: भारतातला कोणी गेलाय का तिकडं?

गेलेत, पण आउटफिल्डर नाहीत. २००८ मध्ये एका टीव्ही स्पर्धेतून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकवाले निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सनं दोघांना पिचर म्हणून साइन केलं. (क्रिकेटवाला रिंकू सिंग वेगळा, हा नंतर डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये वीर महान नावानं कुस्त्या खेळला.) मेजर लीगपर्यंत दोघंही पोचले नाहीत. पिचरच का निवडले हे कळायला सोपं आहे, हात किती जोराचा ते स्पीडगननं पाच मिनिटांत मोजता येतं. आउटफिल्डरला बॅट लागते, आणि बॅटची पारख पाच मिनिटांत होत नाही.

येळ्ळूरहून: मी डावखुरा आहे, बेसबॉलमध्ये चालतं का?

आउटफिल्डला मस्त चालतं. डाव्या हातानं फेकणाऱ्याला कॅचर (बॅटरच्या मागं बसणारा), शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला), दुसरा आणि तिसरा बेस इथं सहसा ठेवत नाहीत, कारण कॅचर सोडला तर बाकीच्यांना पहिल्या बेसकडं फेकायला अंग उलटं वळवावं लागतं. पहिला बेस, पिचर आणि आउटफिल्डच्या तिन्ही जागा तुझ्यासाठी मोकळ्या. ग्लोव्ह मात्र उजव्या हातात घालायचा मागव, ऑनलाइन घेताना बहुतेक जण इथंच फसतात.

टिळकवाडीहून: मॅच बघायची झाली तर कुठल्या वेळेला?

सीझन मार्चच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत, प्रत्येक टीमच्या १६२ मॅच, त्यामुळं रोज काही ना काही असतंच. न्यूयॉर्क-बोस्टनकडच्या संध्याकाळी सातच्या मॅच आपल्याकडं पहाटे साडेचारला सुरू होतात, त्या आमच्यासारख्या झोप न येणाऱ्यांसाठी. सिअ‍ॅटल, लॉस एंजेलिसच्या सकाळी साडेसातला, पावसाळ्यात लेले मैदानावर चिखल असतो तेव्हा नाष्टा करता करता तीन-चार इनिंग आरामात होतात. कॅमेरा आउटफिल्डरला फार दाखवत नाही, तेव्हा बॉल मारल्यावर बॉलकडं न बघता सेंटर फिल्डरचं पहिलं पाऊल कुठं पडतंय तेवढं बघत जा.